पत्ता कुणी मागितलता?

आरं, च्या राहू दे, आधी हुपरीत काय घडलं ते ऐक!

आपला चांदीवाला दिलप्या म्हाईत हाय न्हवं? त्याच्या पोराच्या बारशाला गेलतो. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू न्हाय. मागल्या बोळातनं शिरलो, तर उकिरड्यावर एक सूप. सुपात केर. आणि केरावर जितं पोर! रडत न्हवतं. माझ्या खांद्यावरनं मागं कुणाकडं तरी टक लावून बघत हुतं.

काळीज हाललं की! झडप घालून उचललं आणि वराडलो, "आरं कुणी टाकलं ह्ये? सोन्यासारखं पोरगं हाय!"

दाराआडनं बायका भाईर आल्या. बाळंतीण भिताडाला टेकली. पोराची आत्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "ऐकलं त्येनं."

"कुणी?"

"ह्येच्या आधीची दोघं ज्येनं न्हेली त्येनं."

तवा कळलं गड्या! पोरं जगत नसली की नव्याला केरात टाकायचं, आत्यानं कचरा म्हणून उचलायचं, नाव ठेवायचं केरबा. कुणाला दगडू, कुणाला धोंडू. न्यायला आलेल्याला वाटावं, ह्यो माल टाकाऊ हाय! आणि आपण शाळेत केरबाला हसून लोळायचो. चेष्टेचं नाव कसलं, पोर लपवायची जागा की ती!

"आत्या, आता वो?"

"आता तूच मोठ्यांदी सांग. सोन्यासारखा मी हाय, ह्ये पोर केर हाय."

बाळंतीण हात जोडून बघायली. काय करणार? वराडलो, "ह्ये पोर केर हाय! सोन्यासारखा मी हाय! मी! शाहूपुरीत ऱ्हातो!"

पत्ता कुणी मागितलता? पर घाबरल्यावर तोंड थांबतंय व्हय!

तेवढ्यात पोर रडलं. ठणठणीत! आत्या म्हणाली, "सुटलं बाई." आणि माझ्या मानंला मागनं गार वारं लागलं. झाडाचं पान हलत न्हवतं, बरं का.

परतीची एस.टी. रिकामी. माझ्या शेजारी कुणी न्हाय. कंडक्टर आला. "पावणं, दोन कोल्हापूर न्हवं?"

"एकच!"

"मग ह्ये?" म्हणाला, शेजारच्या शिटाकडं बघितलं, आणि पुढं सटकला.

घरात शिरलो ते आईचं पाय धरलं. "आई, आजपास्नं मला दगडा म्हण, गाढवा म्हण, काय बी म्हण!"

आई म्हणाली, "मग आजवर मी दुसरं काय म्हणत आलीया?"

हसू नगंस! आणि माझ्या मागं काय बघायलाईस? न्हाय, खरं सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? निदान पत्ता तरी सांगितला नसतास न्हवं?