रुसवे टाळणारा प्रोग्राम

बोरीवलीची कबुतरं म्हणजे गरुडाची चुलत भावंडं! त्यांना घाबरवायला मी बाल्कनीत जुन्या सीडी टांगल्यात. आज त्यातली एक उन्हात चमकली आणि मला विलास आठवला.

विलास माझा शेजारी. त्याने लग्नपत्रिकेसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला होता. नातेवाइकांची नावं टाकली की आत्या, मामा, काका आपापल्या मानाप्रमाणे ओळीत लागत. अख्ख्या मुंबईतले रुसवे संपले असते! पण किंमत ठेवली पाच हजार.

"पाचशे ठेव रे," मी बोंबललो होतो.

"दोन वर्षं घातलीत यात," तो म्हणाला. दोन-चार छापखान्यांत नमुन्याच्या सीडी वाटल्या, पण एकही प्रत खपली नाही.

मग त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. पत्रिकेसाठी आम्ही छापखान्यात गेलो. शाईच्या वासाने डोकं गरगरत होतं. मालकाने ऐटीत कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर विलासचाच प्रोग्राम!

"झकास आहे ना? तीस रुपयांत कॉपी मिळाली."

"विकत का नाही घेतला?" विलासने हळूच विचारलं.

"पाच हजारांना? तेवढ्यात मी नवरदेव छापून देईन! पाचशे असते तर हसत दिले असते. तुम्हाला हवी कॉपी? तीसच द्या."

मी तोंड उघडणार, तोच विलासने माझा हात दाबला आणि तीस रुपये काढले. बाहेर येऊन सीडी मला दिली. "ठेव. माझा पहिला ग्राहक मीच."

तीच ही सीडी. पुढे तो नोकरीला चिकटला, पुन्हा प्रोग्राम लिहिला नाही.

त्या लग्नात एकही आत्या रुसली नाही. रुसला फक्त विलास, आणि त्याची समजूत काढायचं आम्हा कुणाला सुचलंच नाही.