दोरांवरचं मशीन

विश्रामबागेत माझ्या खोलीखाली एक वयस्कर जोडपं राहतं. आजोबांचं नाव मी कधी विचारलं नाही. येता-जाता ते व्हरांड्यात बसलेले दिसत, समोर पत्र्याचं, हातभर उंचीचं खोदाईचं मशीन. तरुणपणी कवठे महांकाळकडच्या कालव्यावर त्यांनी असंच मशीन चालवलं होतं, तारेच्या दोरांनी बकेट ओढणारं. या छोट्या मशीनला दोरांच्या जागी मासे पकडायची दोरी होती आणि कप्प्यांच्या जागी शिलाईच्या बॉबिन.

आजींना ते मशीन चालताना बघायचं होतं. कालव्यावर त्या भाकरी घेऊन जायच्या, तेव्हा आजोबा त्यांना लांबच थांबवायचे. आता काचबिंदूनं आजींची नजर जात चालली होती.

"आवं, हाय तसं दावा की," आतून आवाज यायचा.

"रंग ऱ्हायलाय. अर्धं काय दावायचं?"

मशीन बकेट केव्हाच उचलत होतं. तरी ते रंग खरवडायचे आणि पुन्हा द्यायचे.

दसऱ्याला मशीनवर झेंडूची माळ दिसली. आजी बाहेर येऊन बसल्या होत्या. आजोबांनी हँडल फिरवलं, दोरी ताणली गेली आणि बकेट कुंडीतली माती घेऊन वर आलं. मी जिन्यातच थांबले.

"दिसलं का गं?"

आजी मशीनच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होत्या. आजोबांनी त्यांचा हात धरून बकेटखाली नेला आणि माती तळहातावर सोडली. आजी हसल्या. बोटांनी पत्रा चाचपत म्हणाल्या, "लय गुळगुळीत केलंय की. रंग कंचा दिला?"

"पिवळा," ते इतकं हळू म्हणाले, की आजींना पुन्हा विचारावं लागलं.