ताईची तेल खाणारी बाटली

ताईला जाऊन अजून महिना झाला नाही. तिच्याबद्दल बोलायला बसलो की रडण्याआधी किस्सेच तोंडात येतात, एकाला ओढलं की पाच निघतात. माझी शाळा सातवीपर्यंत. जसं आठवतं तसं सांगतो.

*

ताई नांदेडला कॉलेजात समुद्रातल्या बॅक्टेरियांचा अभ्यास करायची. जहाजाचं तेल सांडलं की ते खातात म्हणे. मी हदगावला गफारचाचांच्या गॅरेजात मेकॅनिक. एकदा ती बाटली घेऊन आली. "चाचा, थोडं जळकं ऑइल द्या. यांना खाऊ घालायचंय."

चाचांनी बाटली उन्हात धरली. "मायलेज किती देतात?"

*

त्या बॅक्टेरियांना हवा लागते, बाटली सारखी हलती ठेवावी लागते. कॉलेजात त्याला मशीन होतं. सुट्टीत ताईनं बाटली आमच्या कॉम्प्रेसरला ट्यूबच्या रबरानं बांधली. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय नवीन बसवलं? चाचा गंभीर तोंडानं सांगायचे, "पाळणा हाय."

*

एकदा बाटली घरी होती, तेव्हा आईनं तिच्यातलं पाणी बदलून फिल्टरचं भरलं. "खारं पाणी पिऊन राहिलेत बिचारे." आई लातूरची, टँकरमागं पळून मोठी झालेली. चांगलं पाणी देणं म्हणजे तिची माया. बरेचसे मेले. ताईनं मीठ आणि चिमूटभर युरिया घालून उरलेले पुन्हा वाढवले.

"युरिया?" चाचा म्हणाले. "मंग सरळ सोयाबीनच पेर की."

*

भोकरच्या रस्त्यावर टेम्पोनं तिची स्कूटी उडवली. तिसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो, तर कॉम्प्रेसर चालू आणि बाटली डुलत होती. ती नाही, आणि हे जिवंत. मी मोठा पाना उचलला. चाचांनी मनगट धरलं.

"उपाशी हायत ते," एवढंच म्हणाले.

*

दहाव्याला नांदेडच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. म्हणजे तिचा जीव कशात तरी अडकला होता. रेणापूरची आत्या म्हणाली, "तुझ्या भावाचं लगीन करू." कावळे झाडावरच. आई म्हणाली, "मी येळेवर जेवीन गं." नाही. मी म्हणालो, गाडी हळू चालवीन. तरी नाही. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

चाचा लांब पायरीवर चपला काढून बसले होते. ते उठले, पिंडाजवळ आले.

"बेटी, ऑइल मी घालीन. मीठपाणी बी. बाटली बंद पडू देणार न्हाई."

ते वळले पण नव्हते, तोच कावळा खाली उतरला.