वसंता एकदाच विचारायचा

"आज राहतोस का रे?" वसंतानं विचारलं. मुलुंडच्या घरी बाल्कनीतल्या आरामखुर्चीत तो बसला होता, हृदयविकाराच्या झटक्यानंतरची सक्तीची विश्रांती घेत. मी म्हटलं, "नको रे, वहिनींना उगाच त्रास. पुढच्या रविवारी येतो." त्यानं मान हलवली आणि क्रिकेटचा विषय काढला. शुक्रवारी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, वसंता गेला... त्याला आता महिना होईल. दुसऱ्या कुणी पुन्हा आग्रह केला असता, मीही थोडे आढेवेढे घेऊन राहिलो असतो. वसंता एकदाच विचारायचा. हे खूळ त्यानं जर्मनीहून आणलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात नवी मशिनं येणार होती, म्हणून आम्हा दोघांना शिकायला दीड महिना पश्चिम जर्मनीत धाडलं होतं. मध्ये चार दिवस सुट्टी मिळाली. वसंतानं तिथल्या फोरमनची जुनी गाडी मागून घेतली. गाडी तो चालवणार, नकाशा मी धरणार आणि मुक्काम खेड्यातल्या शेतकऱ्यांकडे, कारण ते घरातली खोली पाहुण्यांना देतात. हॉर्न वाजवल्याशिवाय वसंताला वळणच घेता येत नसे, त्यामुळे गावोगावच्या खिडक्या आमच्या स्वागताला उघडत. आम्ही हात हलवायचो.

पहिल्या घरी बाईंनी वाफाळते बटाटे आणि मसुराच्या आमटीसारखं दाट सूप टेबलावर आणलं नि जेवणार का म्हणून विचारलं. सकाळपासून आम्ही चिवड्यावर होतो. तरी दोघंही एका सुरात म्हणालो, नको नको, आताच खाऊन आलोय. बाई हसल्या आणि भांडं आत घेऊन गेल्या. "थांब, आणतील परत," वसंता कुजबुजला. आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

दुसऱ्या घरी वसंतानं जरा मऊसा नकार दिला, पण नशीब तेच. "माणुसकी नाही रे यांच्यात," तो गाडीत धुसफुसत राहिला. तिसऱ्या घरी एक म्हातारा शेतकरी आणि त्याची बायको होती. पाहुणचार कसा करतात ते यांना दाखवतोच, म्हणून वसंतानं आईनं दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. भेट द्यायचे म्हणून उपाशीपोटीही आम्ही त्यांना हात लावला नव्हता. म्हाताऱ्यानं एक खाल्ला, पुरे म्हणाला. दुसरा वसंतासाठी, तिसरा वसंताच्या आईसाठी. चौथ्याला त्यानं ताटलीवर हात आडवा धरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "मी नाही म्हणालो. तू माझं ऐकत का नाहीस?" रागावला नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

वसंतानं चौथा लाडू डब्यात परत ठेवला. मग म्हातारी जेवणाचं विचारायला आली, तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत तो हो म्हणाला आणि सात बटाटे खाल्ले. दुसऱ्या दिवशी गाडीत, दोन वळणं हॉर्नशिवाय घेतल्यावर म्हणाला, "ती माणसं आपल्या शब्दावर विश्वास ठेवत होती रे. खोटं आपण बोलत होतो."

तेव्हापासून मुलुंडमध्ये हाहाकार. बहिणीच्या सासरचे जेवायला आले, रीतीप्रमाणे श्रीखंडाला नको म्हणाले आणि यानं पातेलं आत पाठवलं. ते वर्षभर रुसून होते. मग वहिनी दोघांच्या वाटचा आग्रह एकट्याच करू लागल्या. वहिनी घरी नसत तेव्हा मीही तिथून कितीदा तरी अर्धपोटी परतलो, पण सुधारलो नाही.

त्या संध्याकाळी आग्रह करायला वहिनी घरी नव्हत्या. मला राहायचं होतं. त्यालाही मी हवा होतो, नाहीतर त्यानं विचारलंच नसतं. मी नको म्हणालो आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला... याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

गेल्या रविवारी मुलुंडला गेलो. आरामखुर्ची बाल्कनीत तशीच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही. निघायला उठलो तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आयुष्यभर आग्रह करत आलेल्या त्या बाईंनी हळूच म्हटलं, "भाऊजी, जेवून..."

"हो," मी म्हणालो. त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.