लाभ, दोन, तीन

मी हवालदार असतानाची ही गोष्ट. आमची पलटण उत्तरेकडच्या एका उंच रांगेत होती. चौकीचं नाव सांगत नाही. बेसपासून ती तीन किलोमीटर दक्षिणेला होती. दर चौथ्या दिवशी चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, रेशन आणि बॅटऱ्या घेऊन निघायची. सकाळी नऊला बेस सोडायचा, चौकीवर चहा घ्यायचा आणि उजेडात परतायचं.

पेट्रोलमध्ये एक जण पेसर असतो. त्याचं काम कदम मोजायचं. समोरचं दिसेनासं झालं की कंपास दिशा सांगतो आणि पेसर अंतर सांगतो. आमचा पेसर लान्स नायक अशोक शिंत्रे. घर जुन्या हुबळीत, वडिलांचं धान्याचं दुकान अमरगोळच्या मार्केट यार्डात. तो पोती मोजतच मोठा झालेला. आपल्याकडचे दुकानदार पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. अशोक कदमही तसेच मोजायचा. लाभ, दोन, तीन. शंभर झाले की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी धारवाडचा, मला ते ओळखीचं होतं. बाकीचे त्याला लाभशेठ म्हणून चिडवायचे. तो हसायचा, पण मोजणी सोडायचा नाही.

त्या महिन्यात आम्हाला हातात धरायचा जीपीएस मिळाला. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि मी शेफारलो. नवं घड्याळ मिळालेल्या नवरदेवासारखा सारखा तो काढून बघायचो. चौकीचा पॉइंट मीच त्यात भरला.

त्या दिवशी ०९०० वाजता निघालो. साडेदहाला वारा सुटला आणि बर्फ उडायला लागलं. पाच पावलांपलीकडचं काही दिसेना. ११४० ला अशोक थांबला.

“कदम पुरे झाले, हवालदार साब. चौकी इथंच पायजे.”

मी स्क्रीन पाहिली. “अजून पावणेचारशे मीटर आहे.”

“खडे दोनदा मोजलेत. पुढं उताराची कड हाय. इथंच थांबून आवाज देऊ या की.”

“मशीन खोटं बोलतंय का? तुझे खडे ठेव खिशात. पुढे हो.”

तो म्हणाला, “जी साब.”

मागचे दोघे दहा पावलांवर होते. वाऱ्यात त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं नाही. आम्ही चालत राहिलो. साधारण तीनशे मीटरवर पायाखालचं बर्फ भुसभुशीत लागलं. माझा पाय अडखळला, तरी मी त्यालाच म्हणालो, “दहा पावलं जाऊन बघ.” तो सहा पावलं गेला असेल. मग बर्फाची कड तुटली. आवाज फार झाला नाही.

मी वायरलेस सेट हातात घेतला. “बेस, पेट्रोल वन. वन मॅन डाउन. ओव्हर.”

“पेट्रोल वन, लोकेशन दो. ओव्हर.”

मशीनवर चौकी अजून पुढे होती आणि पुढे जमीनच नव्हती; मला लोकेशन सांगता येईना.

१५१० ला वारा पडला. चौकीची अँटेना दिसली. ती आमच्या मागे होती, अशोक थांबला होता तिथून हाकेच्या अंतरावर. दोन दिवसांनी त्याला खालून वर आणलं. उजव्या खिशात सगळे खडे होते.

चूक काय झाली ते मला त्याच संध्याकाळी चौकीत कळलं. चौकीचा अक्षांश दिलेल्या कागदावर मिनिटांपुढे तीस सेकंद लिहिले होते. मी मशीनमध्ये मिनिटांपुढे पॉइंट तीस भरले होते. तीस सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, भरायचं होतं पॉइंट पन्नास. जमिनीवर तो फरक पावणेचारशे मीटरचा. मशीन खोटं बोललंच नव्हतं. मी सांगितलं तिथंच ते नेत होतं. मी तो पॉइंट पुसून टाकला.

इन्क्वायरीत मी सांगितलं की थंडीने जीपीएसची बॅटरी बसली आणि आम्ही पेसरच्या मोजणीवर चाललो होतो. मेजर साहेबांनी विचारलं, “मोजणी चुकली कशी?” मी म्हणालो, “सर, तो एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. पहिला कदम गळत असेल.” दर शंभरात एक कदम गळला तरी तीन किलोमीटरमध्ये फरक तीस मीटरचा पडतो. तो हिशेब कुणी केला नाही. कागदावर ‘मोजणीतील चूक’ असं आलं आणि पुढे मला नायब सुभेदारी मिळाली.

अशोकची ट्रंक घेऊन जुन्या हुबळीला मीच गेलो. त्याच्या वडिलांनी एकच विचारलं, “लाभ म्हणल्यामुळं झालं का?” मी होकारार्थी मान हलवली.

आता मी केलगेरीला राहतो. रविवारी धारवाडच्या काही शिक्षक-वकिलांना घाटातल्या जंगलात पायी नेतो. फोनवर नकाशा आधी उतरवून घ्या, एअरप्लेन मोडवर ठेवा, पॉइंट भरला की दुसऱ्याकडून वाचून घ्या, एवढं शिकवतो. वर कदमही मोजायला लावतो. गेल्या महिन्यात एक वकील म्हणाले, “अण्णा, फोन हाय की हातात. कदम कशाला मोजायचे?” मला माझंच ‘तुझे खडे ठेव खिशात’ ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरगोळला गेलो.

दुकान अशोकचा धाकटा भाऊ मोहन चालवतो. हमाल पोती उतरवत होते आणि तो मोजत होता. “एक, दोन, तीन.” यार्डात बाकी सगळीकडे पहिलं पोतं लाभ होतं.

“बसा की अण्णा, चहा सांगतो,” तो म्हणाला. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पॉइंट, पुसलेलं मशीन, मेजरपुढचं बोलणं.

मोहननं हातातली वही मिटली.

“ट्रंक आली त्या दिवसापासून अप्पांनी लाभ म्हणायचं सोडलं. म्हणायचे, मीच त्याला शिकवलं, मीच मारलं. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आता येताय होय?”

मला लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटते आहे.

मोहननं हमालांना हाक मारली. “मत्ते एणिस्री. पहिल्यापासून.” उतरवलेली पोती पुन्हा मोजायला घेतली. पहिल्या पोत्यावर हात ठेवून तो थांबला. मग म्हणाला, “लाभ.”

चहा आला नाही. मी शेवटच्या पोत्यापर्यंत उन्हात उभा राहिलो.

लान्स नायक अशोक शिंत्रे याची मोजणी बरोबर होती.