वरचा रुपया

शेजारच्या मुलीचं लग्न कात्रजला होतं. आहेरासाठी स्टेजपाशीच क्यूआर कोड लावला होता. रोख द्यायला रुपया चिकटवलेलं पाकीट लागतं, ते मी नेलं नव्हतं. क्रेडिट कार्डाने आहेर म्हणजे उधारीचा आशीर्वाद, तो मला पटेना. मी फोनवरून पाचशे पाठवले.

"अहो, आणि वरचा रुपया?" बायकोने विचारलं.

मला खरंच प्रश्न पडला. नोटेसोबत रुपया जातो हे ठीक, पण फोनमधल्या पैशाला सोबत कशाला? तरी रुपया वेगळा पाठवला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाचशे माझ्याच खात्यात परत आलेले. तेवढ्यात नवरीचा मेसेज आला, "काका, रुपयाचं पाकीट मिळालं. आत काही घालायचं राहिलं का?"