भाऊजींनी गार केलेला कॉम्प्युटर

उष्णतेशी जन्माचं वैर धरलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. भाऊजींनी दोंडाईच्याला चाळीस वर्षं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त केल्या. त्यामुळे दिसेल त्यावर तळहात ठेवून ‘तापलंय का’ बघायची सवयच लागली त्यांना. एसटीचं बॉनेट, शेजाऱ्याचा फ्रिज, माणसाचं कपाळ, काही म्हणून सोडत नाहीत. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हे नवरदेव तिथून निघाले, लाउडस्पीकरच्या मशीनला हात लावून आले आणि म्हणाले, “पाच मिनिटं बंद ठेवा.” भटजींनी मंगलाष्टका ओरडून म्हटल्या! माझी जाऊ अजून त्यावरून टोमणे मारते.

तर माझा कॉम्प्युटर. म्हणजे खरं तर आमच्या ह्यांचा. सातवी शिकलेल्या मला ह्यांनी त्यावर मराठी टाइप करायला शिकवलं, आणि ते गेल्यापासून रोज दुपारी मी त्यावर काहीबाही लिहीत बसते. यंदा जळगावचा वैशाख असा तापला की दहा मिनिटांत पडदा काळा. मुलगा पुण्याहून म्हणाला, “आई, रविवारी येतो, तो डबा भंगारात देऊ. लॅपटॉप आणतो तुला.” मी भाऊजींना फोन लावला. शुक्रवारी सकाळच्या पॅसेंजरने हजर! डोक्याला ओला पंचा, आणि काखेतल्या खोक्यात नारळाएवढा पंखा, तांब्याच्या नळ्यांचा.

आतला जुना पंखा बिचारा बिस्किटाएवढा. नवा बसवताना त्याच्या आणि प्रोसेसरच्या मध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायची असते, आणि ती तांदळाच्या दाण्याएवढीच, असं कागदावर लिहिलेलं. मी मोठ्याने वाचूनही दाखवलं. “वहिनी, बेअरिंगला ग्रीस भरताना हात आखडला की मोटार जळते,” म्हणत त्यांनी जवळजवळ अख्खी नळी पिळली आणि वरून पंखा आवळला. सुरू केलं. पाच मिनिटांत बंद. आधी दहा तरी चालायचा!

भाऊजी खुर्चीत बसून राहिले. हात लावून बघेनात. “दादानी वस्तू मीच बिघाडी,” एवढंच बोलले. दादा म्हणजे आमचे हे. असा चेहरा मी त्यांचा ह्यांच्या तेराव्यालाच पाहिला होता. म्हटलं, “उठा, पेच काढा.” पंखा काढून बघते तर त्याच्या बुडाची, बसवण्याआधी काढायची प्लॅस्टिकची झिल्लीसुद्धा तशीच चिकटलेली! ती ओढली, जुन्या लुगड्याच्या चिंधीने सगळं पुसून घेतलं आणि त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा ठेवला. “एवढीच. एकदा तरी वहिनीचं ऐका.”

त्या दुपारी तीन तास कॉम्प्युटर चालला, आणि तीन तास भाऊजी त्याच्यावर हात ठेवून बसले. “गार शे, वहिनी. बठ्ठं गार शे.” सगळंच गार. रविवारी मुलगा आला, बघितलं त्याने, आणि भंगाराचं नाव काढलं नाही.

पण एक झालं. आधी दर पंधरवड्याला ‘तापतोय का बघतो’ म्हणून भाऊजी यायचे, जेवायचे, ह्यांच्या लहानपणच्या खोड्या सांगायचे. आता नुसता फोन. “तापत नाही ना?” “नाही.” “मंग बरं शे.” की ठेवला.

परवा मी सरळच म्हटलं, “भाऊजी, तो उत्तम चाललाय. तुम्ही या.”

पलीकडून हळूच, “ईसन काय करू?” येऊन करू काय, म्हणे.

“बसा,” मी म्हटलं. “नुसते बसा.”